राहुलाचा धडा : मूल, माती आणि श्वास





आपण मुलांना शाळेत घालतो, वह्या-पुस्तके आणतो, पोटाला चिमटा घेऊन शिकवणीची फी भरतो. मूल एखाद्या विषयात मागे पडले तर ते प्रगतिपुस्तकावरून लगेच कळते. परंतु मूल भ्यालेले आहे, रात्री दचकून उठते आहे, वर्गात उभे केले की त्याच्या तळहातांना घाम सुटतो आहे, हे कोणत्याही प्रगतिपुस्तकात लिहिलेले नसते. ते त्याच्या अंगावर लिहिलेले असते. ते अक्षर वाचायला आपण शिकलो आहोत काय, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

अलीकडे मोठ्या शहरांत 'माइंडफुलनेस' हा शब्द वारंवार ऐकू येतो. मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना बागेत, रानात, पाण्याकाठी नेऊन श्वासाकडे, पावलांकडे, पाखरांच्या आवाजाकडे लक्ष द्यायला शिकवणारे वर्ग निघाले आहेत. मनाच्या दुखण्यावर देहापासून सुरुवात करणारे उपचारही निघाले आहेत. त्यांची फी आपल्यापैकी पुष्कळांच्या आवाक्याबाहेरची असते. म्हणून हे श्रीमंतांचे खूळ आहे असे आपल्याला वाटते आणि आपण तिकडे पाठ फिरवतो. पण वाचकहो, हे धन मुळात कोणाच्या घरचे आहे, याचा एकदा शोध घेतला पाहिजे.

शब्दाचा अर्थ

अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग 'सम्मा सति' हे आहे. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स या पाली पंडिताने १८८१ साली या 'सति' शब्दासाठी इंग्रजीत 'माइंडफुलनेस' हा शब्द योजला. पुढे १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी दीर्घ दुखण्याने त्रासलेल्या रोग्यांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. त्यांनी स्वतः बौद्ध ध्यानाचा अभ्यास केलेला होता. तेथून हा शब्द दवाखान्यांत, शाळांत आणि कचेऱ्यांत पसरला.

मराठीत 'सती' म्हटले की भलताच अर्थ डोळ्यांपुढे येतो. म्हणून आपण 'स्मृती' म्हणतो. येथे स्मृती म्हणजे पाठांतर नव्हे. मनूच्या नावावरील स्मृतीशी तर तिचा काडीचा संबंध नाही. आता, या क्षणी, आपल्या देहात आणि मनात काय चालले आहे याचे भान ठेवणे म्हणजे स्मृती. राग आला तर 'राग आला आहे' हे कळणे, श्वास आत आला तर 'आत आला' हे कळणे. यात मंत्र नाही, देव नाही, कोणाची मध्यस्थी नाही.

जांभळाच्या सावलीतले मूल

मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात तथागतांनी स्वतःची एक आठवण सांगितली आहे. गृहत्यागानंतर त्यांनी घोर तपश्चर्या केली. अन्न इतके कमी केले की पोटाला हात लावला तर पाठीचा कणा लागे. एवढे करूनही ज्ञान झाले नाही. तेव्हा त्यांना लहानपणचा एक प्रसंग आठवला. वडील कामात गुंतलेले असताना बालक सिद्धार्थ जांभळाच्या झाडाच्या थंड सावलीत बसला होता आणि त्याचे मन आपोआप शांत व प्रसन्न झाले होते. हाच बोधीचा मार्ग असेल काय, असा विचार त्यांच्या मनात आला. त्या निर्मळ सुखाला आपण भ्यायचे कारण नाही हे त्यांनी ओळखले. उपाशी, खंगलेल्या देहाने ते साधणार नाही हेही ओळखले आणि त्यांनी अन्न घेतले.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली अशी की, वाट सापडली ती एका लहान मुलाच्या झाडाखालच्या अनुभवात. मुलाला शांती बाहेरून ओतावी लागत नाही. ती त्याच्यात असते, तिला सावली लागते. दुसरी गोष्ट अशी की, आधी देहाला अन्न, मग ध्यान. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या गरीब शेतकऱ्याची कथा आहे. त्याचा बैल हरवला होता. तो शोधून भुकेला, दमलेला असा तो सभेत आला, तेव्हा भगवंतांनी आधी त्याला जेवू घालायला लावले आणि मगच उपदेश केला. उपाशी मुलाला डोळे मिटून बसवणाऱ्या प्रत्येकाने ही कथा ध्यानात ठेवावी.

राहुलाला दिलेले दोन धडे

लहान मुलाला धम्म कसा शिकवावा याचा नमुना हवा असेल, तर राहुलाला केलेले उपदेश वाचावेत. मी शिक्षिका आहे. डी.एड. करताना आणि पुढे पदवी घेताना शिक्षणशास्त्राची पुस्तके मी वाचली. पण 'वस्तू दाखवून शिकवा' हे तत्त्व इतक्या सहजपणे वापरलेले मी दुसरीकडे क्वचितच पाहिले.

पहिला धडा अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात आहे. अट्ठकथा सांगते की तेव्हा राहुल सात वर्षांचा होता. भगवंत त्याच्याकडे आले, त्याने पाय धुण्यासाठी पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडेसे पाणी ठेवले आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे साधुत्व एवढेसेच असते, असे ते भांडे दाखवून सांगितले. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, रिकामे भांडे दाखवले आणि प्रत्येक वेळी तोच मुद्दा समजावला. नंतर विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल म्हणाला. तसेच आपले प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहावे, असे भगवंतांनी सांगितले. याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते काय? होत असेल तर ते करू नये. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात जे धम्मग्रंथ सर्वांनी वारंवार ऐकावेत म्हणून नावानिशी सांगितले, त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला हा उपदेश आहे. भिक्षू-भिक्षुणींनीच नव्हे, तर उपासक-उपासिकांनीही तो ऐकावा असे अशोकाने कोरून ठेवले.

दुसरा धडा महाराहुलोवाद सुत्तात आहे. आता राहुल अठरा वर्षांचा आहे, असे अट्ठकथा सांगते. तो श्रावस्तीत एका झाडाखाली देह ताठ ठेवून बसला होता. सारिपुत्तांनी त्याला पाहिले आणि आनापानसतीचा, म्हणजे आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या श्वासाच्या स्मृतीचा, अभ्यास करायला सांगितले. संध्याकाळी राहुल भगवंतांकडे गेला आणि तो अभ्यास कसा करावा म्हणून त्याने विचारले.

आता येथे लक्ष द्या. भगवंतांनी एकदम श्वास शिकवला नाही. आधी त्यांनी त्याला पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा आणि आकाश यांची ओळख करून दिली. केस, नखे, दात, हाडे ही देहातली पृथ्वी; रक्त, घाम, अश्रू हे देहातले पाणी; अंगाची ऊब आणि अन्न पचवणारी उष्णता हा देहातला अग्नी; श्वास हा देहातला वारा; नाक, कान, तोंड यांतली पोकळी हे देहातले आकाश. आतली पृथ्वी आणि बाहेरची पृथ्वी ही एकच पृथ्वी आहे, असे त्यांनी सांगितले. मग पृथ्वीसारखे, पाण्यासारखे, अग्नीसारखे, वाऱ्यासारखे, आकाशासारखे मन करायला शिकवले. त्यानंतर मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा सांगितल्या. आणि सर्वांत शेवटी श्वास.

म्हणजे निसर्ग, देह, नाती आणि मग श्वास हा क्रम झाला. आज 'निसर्गातून आणि देहातून उपचार' म्हणून जे शिकवले जाते, त्याचा पाया एका बापाने आपल्या मुलाला अडीच हजार वर्षांपूर्वी समजावून दिलेला आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने मोलाची आहे. केस, नखे, दात, हाडे यांच्या यादीत जात नाही. बाहेरची माती आणि आतली माती जर एक आहे, तर एका माणसाची माती शुद्ध आणि दुसऱ्याची अशुद्ध कशी होईल? हा प्रश्न सहावीतल्या मुलालाही कळतो.

भय अंगात कसे बसते

मुलाला भय वाटले की काय होते? हृदय जलद चालते, श्वास वरच्यावर होतो, स्नायू आवळतात, तोंड कोरडे पडते, पोटात गोळा येतो. धोका समोर असताना लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी देहाने केलेली ती तयारी असते. पण वर्गात मुलाला लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. मग ते थिजते. नजर खाली जाते, आवाज फुटत नाही, येणारे उत्तरही आठवत नाही. आपण त्या मुलाला 'मठ्ठ' म्हणतो. ते मठ्ठ नसते, ते थिजलेले असते. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. तोंडी परीक्षेच्या वेळी घसा कसा कोरडा पडतो हे मला पुस्तकातून समजून घ्यावे लागले नाही.

हे भय वारंवार आले तर देहाला त्याचीच सवय लागते. धोका नसतानाही अंग आवळलेले राहते. झोप लागत नाही, पोट दुखते, क्षुल्लक कारणावरून संताप येतो. पीटर लेव्हिन यांचे १९९७ सालचे आणि बेसेल व्हॅन डर कोल्क यांचे २०१४ सालचे पुस्तक याच विषयावर आहे : आघात केवळ आठवणीत राहत नाही, तो अंगातही राहतो. म्हणून असे उपचारक मुलाला 'काय झाले ते सांग' असे आधी विचारत नाहीत. आधी पाय जमिनीवर टेकवायला, हाताने भिंत दाबायला, खोलीत किंवा बाहेर चारी बाजूंना पाहायला सांगतात. देहाला 'आता धोका नाही' हे कळले की शब्द आपोआप येतात. या उपचारपद्धतींपैकी काहींना शास्त्रीय पुरावा अद्याप थोडाच आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. पण एक गोष्ट कोणालाही पडताळून पाहता येते. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना किंचित मंद होते. श्वास सावकाश आणि लांबवर सोडला की हृदयाची गती उतरते. मुलाला मनगटावर बोटे ठेवायला सांगा. त्याला स्वतःला ते कळेल. 'विश्वास ठेव' असे म्हणावे लागत नाही. स्वतः येऊन पाहा, हीच धम्माची रीत आहे.

पटाचारेचे पाणी

देह आणि निसर्ग यांच्या आधाराने दुःखातून बाहेर आलेल्या स्त्रीचे सर्वांत मोठे उदाहरण थेरीगाथेत आहे. पटाचारेचा पती, दोन मुलगे, आईवडील आणि भाऊ असे सर्व एकापाठोपाठ गेले. ती भान हरपून अंगावर वस्त्र नसलेल्या अवस्थेत भटकू लागली. लोक तिला वेडी म्हणत, तिच्यावर केरकचरा आणि ढेकळे फेकत. अट्ठकथेत सांगितले आहे की लोक तिला अडवू लागले, तेव्हा भगवंतांनी तिला जवळ येऊ दिले, तिला 'भगिनी' म्हणून भानावर यायला सांगितले आणि कोणीतरी आपले वस्त्र तिच्याकडे टाकले.

या क्रमाचा विचार करावा. आधी तिला अडवले नाही, मग नाते दिले, मग लाज राखली, मग उपदेश केला. पुढे भिक्षुणी झाल्यावर एके दिवशी पाय धुताना तिने पाणी उंचावरून उताराकडे जाताना पाहिले. तेवढ्या साध्या दृश्यावर तिचे मन स्थिरावले. पुढे दिवा विझताना तिचे चित्तही मुक्त झाले, असे तिच्या गाथांत आहे. जिच्या एका मुलाला पुराच्या पाण्याने नेले, ती पाय धुण्याच्या पाण्याकडे शांतपणे पाहू शकली. मनावरचा उपचार याहून निराळा काय असतो?

पृथ्वीसारखे होणे म्हणजे सोसणे नव्हे

आता एका शंकेचे निरसन केले पाहिजे. पृथ्वीवर लोक चांगलेही टाकतात आणि घाणही टाकतात. तरी पृथ्वी त्याने लाजत नाही की किळसत नाही, असे भगवंतांनी राहुलाला सांगितले. कोणी म्हणेल, हे तर जुनेच झाले! आमच्या पूर्वजांच्या अंगावर पिढ्यान्पिढ्या घाण टाकली गेली आणि 'सोसा' म्हणून सांगितले गेले. आता आमच्या मुलांनाही श्वास मोजत गप्प बसवायचे काय?

ही शंका रास्त आहे. ध्यानाच्या नावाखाली मुलाला मुके करणे हा धम्म नव्हे. पण सुत्ताचा अर्थ नीट पाहा. घाण टाकणाऱ्याची घाण पृथ्वीची होत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. अपमान करणाऱ्याने अपमान केला. त्यामुळे मी नीच झालो असे माझ्या मनाने मान्य करण्याचे कारण नाही. शिवाय याच राहुलाला आरशाचा धडा आधीच मिळालेला आहे. ज्या कर्माने दुसऱ्याला पीडा होते ते कर्म वाईट, हे त्याला ठाऊक आहे. तेव्हा पीडा देणाऱ्याला 'हे चूक आहे' असे तो सांगणारच. मात्र थिजून नव्हे किंवा पेटून नव्हे, तर पाय जमिनीवर टेकवून सांगेल.

बाबासाहेबांचे बालपण आठवा. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शिपाई आला तर पाणी, नाही तर नाही. बालकाची तहान हीसुद्धा देहाचीच गोष्ट आहे. त्या तहानेचे उत्तर त्यांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन दिले. त्यानंतर सनातन्यांनी आपल्या लोकांवर हल्ला केला, तेव्हा संतापलेल्या हजारोंना त्यांनी आवरून धरले आणि कायद्याची लढाई चालवली. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. आवरून धरणे आणि माघार घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या मुलांना महाडवरून शिकवावे.

म्हणूनच 'निसर्ग सर्वांना शांत करतो' हे वाक्य आपण जरा थांबून वाचले पाहिजे. विहीर निसर्गातली, नदीचा पाणवठा निसर्गातला, आंब्याची राई निसर्गातली. पण त्यांच्या वाटा सर्वांना मोकळ्या नव्हत्या. ज्या मुलाला आजही गावच्या पाण्याजवळ जाताना आजूबाजूला पाहावे लागते, त्याला 'पाण्याकाठी बस आणि मन शांत कर' असे म्हणणे पुरेसे नाही. त्याची वाट आधी मोकळी झाली पाहिजे. वाट मोकळी करणे आणि मन मोकळे करणे ही दोन्ही कामे धम्माचीच आहेत.

कुटुंबाचा वाटा

मूल एकटे घाबरत नाही आणि एकटे बरेही होत नाही. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त आपण विहारात अनेकदा ऐकतो. राजगृहाचा तरुण सिगाल ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. भगवंतांनी त्याला सांगितले की पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे शिक्षक, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे राबणारी माणसे आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण. दिशांची पूजा म्हणजे या माणसांशी नीट वागणे.

यातून आपल्यालाही धडा घेता येतो. झाडाखाली बसायचे म्हणजे झाडाला दोरा गुंडाळायचा किंवा कुंकू लावायचे नव्हे. झाड पाहायचे, त्याची सावली अंगावर घ्यायची आणि त्या सावलीत शेजारी बसलेल्या मुलाचे ऐकायचे. दिवसभर राबून आलेल्या बापाला आणि आईला हे अवघड जाते, याची मला जाणीव आहे. पण दहा मिनिटे मोबाईल बाजूला ठेवून मुलाजवळ बसणे, एवढ्याने सुरुवात होते. बापाचा आवाज उतरला की मुलाचा श्वास उतरतो.

आजचे संशोधन काय सांगते

जपानच्या वनखात्याने १९८२ साली 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, ही कल्पना मांडली. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयाची माहिती प्रसिद्ध केली. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रोग्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामक औषधे कमी लागली. पाहणी लहान होती, अवघ्या ४६ रोग्यांची; पण तिने पुढच्या पुष्कळ अभ्यासांना चालना दिली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इंग्लंड आणि शेजारच्या प्रदेशांतील ८५ शाळांत आठ हजारांहून अधिक मुलांवर माइंडफुलनेसच्या तासांचा मोठा प्रयोग झाला. २०२२ साली निकाल आला : नेहमीच्या पद्धतीने शिकवलेल्या मुलांपेक्षा या मुलांचे मन सरासरीने अधिक निरोगी झाले असे दिसले नाही. पुष्कळ मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. शिक्षकांचा शीण मात्र काहीसा कमी झाला. यावरून घाबरून जायचे कारण नाही. तासिका लावून, घंटा वाजवून सर्वांना एका साच्यात शांत करता येत नाही, एवढाच याचा अर्थ. आपल्या महाराष्ट्रातही 'मित्र उपक्रम' म्हणून शाळांतून आनापान शिकवण्याचा प्रयत्न झाला आहे. जेथे शिक्षक स्वतः बसतो तेथे तो तग धरतो. जेथे तो केवळ परिपत्रकासाठी असतो तेथे मुले डोळ्यांच्या फटीतून एकमेकांकडे पाहतात.

घरी करावयाचा अभ्यास

राहुलाच्या क्रमाने पाच दिवसांचे पाच अभ्यास पुढे दिले आहेत. रान लागत नाही. चाळीचा कठडा, विहाराचे अंगण, शेताचा बांध, शाळेचे मैदान पुरे. प्रत्येक अभ्यास दहा मिनिटांचा. मोठ्यांनी मुलाबरोबर करावा, मुलाकडून करून घेऊ नये.

१. पृथ्वी : अनवाणी उभे राहावे. टाच, चवडा, बोटे जमिनीला कोठे टेकतात ते पाहावे. सावकाश वीस पावले चालावे. माती गरम आहे की गार, हे मुलाने सांगावे.

२. पाणी : भांड्यातून हातावर पाण्याची बारीक धार सोडावी. ती कोठून कोठे जाते ते पाहावे. मग पाणी प्यावे आणि ते घशातून उतरताना कोठपर्यंत जाणवते ते सांगावे.

३. अग्नी : सकाळच्या कोवळ्या उन्हात तळहात धरावे. मग दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गालांना लावावे. राग आला की ऊब अंगात कोठे चढते, हे मुलाला विचारावे. बहुतेक मुले कान दाखवतात.

४. वारा : झाडाचे एक पान निवडून ते हलते कधी आणि थांबते कधी हे पाहावे. मग पोटावर हात ठेवून श्वास पाहावा. श्वास ओढून-ताणून घेऊ नये. सोडताना मात्र सावकाश सोडावा. लहान मुलाला 'भाकर गार करायला फुंकर घालतोस तशी घाल' असे सांगितले की पुरते.

५. आकाश : उताणे पडून आभाळ पाहावे, ढग जाऊ द्यावेत. शेवटी मैत्रीचा विचार करावा : मी सुखी असो, घरचे सुखी असोत, माझ्याशी भांडलेला तोही सुखी असो. तिसरे वाक्य मुलाला म्हणवत नसेल तर त्या दिवशी सोडून द्यावे.

सावधानता

ध्यान ही शिक्षा नव्हे. 'गोंधळ केलास, आता डोळे मिटून बस' असे कधीही म्हणू नये. डोळे मिटण्याची सक्ती करू नये. ज्याने मार किंवा अत्याचार सोसला आहे, त्या मुलाला डोळे मिटल्यावर तेच दिसू शकते. अशा मुलाने डोळे उघडे ठेवून पाय, झाड किंवा आवाज यांकडे लक्ष द्यावे. अभ्यासाच्या निमित्ताने कोणीही मुलाच्या अंगाला त्याला न विचारता हात लावू नये. 'तुझा देह तुझा आहे, नको वाटले तर नाही म्हण' हे मुलाला स्पष्ट शब्दांत शिकवावे. मुलीला तर आवर्जून शिकवावे.

मूल आठवड्यानुआठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, बोलायचे थांबले असेल किंवा मरणाची भाषा करीत असेल, तर हे अभ्यास पुरे नाहीत. त्याला डॉक्टरकडे न्यावे. अंगारा, गंडा, मांत्रिक यांत एक दिवसही घालवू नये. मनाच्या आजारासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. मुलावर अत्याचार होत असेल तर १०९८ वर कळवावे. रोगाला रोग म्हणणे आणि कारण शोधणे हीच बुद्धांची पद्धत होय.

पुढील पंधरवड्यासाठी प्रश्न

१. महाराहुलोवाद सुत्तात श्वासाच्या आधी पंचधातू आणि मैत्री का सांगितली असावी?

२. 'पृथ्वीसारखे मन' आणि 'मुकाट्याने सोसणे' यांतला फरक आपल्या गावातील एका उदाहरणाने सांगा.

३. पटाचारेला शुद्धीवर आणताना कोणत्या गोष्टी उपदेशाच्या आधी आल्या? आपल्या घरी मूल रडत असताना आपण कोणता क्रम पाळतो?

४. आपल्या वस्तीत मुलांना निर्धास्तपणे बसता येईल अशी सावलीची जागा कोठे आहे? नसेल तर ती करण्यासाठी विहाराच्या मंडळाने काय करावे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून थांबू नये. पावसाळ्याच्या तोंडावर विहाराच्या अंगणात एक जांभळाचे रोप लावावे आणि त्याला पाणी घालण्याचे काम मुलांकडे द्यावे. त्याची सावली पडायला काही वर्षे लागतील. तोवर आपली सावली त्यांना द्यावी.

भवतु सब्ब मंगलम्.